रंगाचा फवारा आणि घरातली हवा

रंगकाम म्हटलं की पूर्वी एक ब्रश, दोन डब्या आणि खाली अंथरायला जुनं वर्तमानपत्र, एवढाच पसारा असायचा. आता रंग फवाऱ्यानं देतात. चिरंजीव लढाऊ विमानांची नाहीतर मोटारींची मॉडेलं जोडतात आणि त्यांना ब्रशानं दिलेला रंग चालत नाही. रेघा दिसतात म्हणे! दिवाळीच्या किल्ल्यावरच्या बुरुजांना करडा फवारा, गणपतीच्या मखराला सोनेरी फवारा. शिवाय घरीच शाडूची मूर्ती करणाऱ्या आपल्यातल्या काहीजणींनी हौसेनं छोटा कंप्रेसर आणि एअरब्रशही आणलेला आहे. काम झटपट होतं, सुबक होतं, आणि खरं सांगायचं तर करताना मजाही येते.

पण मैत्रिणींनो, फवारा म्हणजे नेमकं काय ते एकदा बघायला हवं. ब्रशातला रंग सरळ वस्तूवर बसतो. फवाऱ्यातला रंग आधी हवेत जातो आणि मग त्यातला काही भाग वस्तूवर बसतो. उरलेला कुठे जातो? पडद्यावर, उशीच्या अभ्र्यावर, झाकण न ठेवलेल्या पाण्यात, आणि त्या खोलीत जो कोणी श्वास घेत असेल त्याच्या छातीत. रंगवतो एकटा मुलगा, पण ती हवा सगळं घर घेतं. पाळण्यातलं तान्हं घेतं, दम्याच्या सासूबाई घेतात, आणि पलीकडे कणीक मळणाऱ्या तुम्हीही घेता. म्हणून ही नुसती मुलाची हौस राहत नाही, घरच्या बाईनं लक्ष घालायची गोष्ट होते.

मुळशी तालुक्यातल्या जांबे गावाचं उदाहरण घ्या. हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे मारुंजी, नेरे, जांबे या सगळ्या पट्ट्यात इमारती उभ्या राहिल्या. गावातल्या जुन्या घराला अंगण असतं, ओसरी असते. दिवाळीचा किल्ला अंगणात व्हायचा, त्याचा रंगही तिथेच. वारा आपोआप सगळं घेऊन जायचा, कुणाला काही विचार करावा लागत नसे. फ्लॅटमध्ये अंगणाची जागा गॅलरीनं घेतली, आणि ती गॅलरीही धूळ नको, पाऊस नको म्हणून आपण काचा लावून बंद केली! त्यातून गणपतीचं रंगकाम नेमकं श्रावण-भाद्रपदात येतं. बाहेर पावसाची झड, खिडक्या लावलेल्या, आत फवारा चाललेला. यात नुकसान रंगाचंही होतं बरं का. दमट हवेत थिनरचे रंग फवारले तर ते पांढुरके पडतात, चकाकी जाते. तेव्हा भर पावसाच्या दिवशी फवारा नको, हे मुलाला आरोग्याच्या नावानं पटलं नाही तर रंगाच्या नावानं नक्की पटेल.

डब्यात असतं काय?

दाबून फवारायच्या डब्यात रंगाची भुकटी, ती चिकटवणारं द्रव्य, ते पातळ करणारं थिनर आणि हे सगळं बाहेर ढकलणारा गॅस अशा चार गोष्टी असतात. थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन अशी द्रव्यं येतात. ॲसिटोन तुमच्या ओळखीचं आहे. नखांचं पॉलिश काढायच्या बाटलीतला तो झोंबरा वास त्याचाच. ही वाफ फार झाली की डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, डोळे चुरचुरतात. मुलगा दोन तास रंगवून आला आणि "आई, डोकं दुखतंय, जेवायला नको" म्हणाला, तर ते उन्हाचं किंवा अभ्यासाचं नाही, एवढं ओळखा.

आता ढकलणाऱ्या गॅसचं बघा. बहुतेक डब्यांत तो ब्युटेन-प्रोपेन असतो, म्हणजे आपल्या शेगडीच्या सिलिंडरमध्ये असतो त्याच जातीचा. फरक एवढाच की स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, गळती नाकाला कळावी म्हणून. फवाऱ्याच्या डब्यातल्या गॅसचा तो वास काढून टाकलेला असतो. म्हणजे तुमचं नाक इथे राखणदारी करणार नाही. शिवाय हा गॅस आणि थिनरच्या वाफा हवेपेक्षा जड. त्या खाली जमिनीलगत पसरतात, दाराच्या फटीतून पुढच्या खोलीत जातात. तिथे देवघरात निरांजन तेवत असलं, स्वयंपाकघरात मंद आचेवर दूध ठेवलेलं असलं, तर पुढचं सांगायला नको. बाळ रांगतं तेही जमिनीवरच.

तेव्हा डब्याचा फवारा घरात मारायचाच नाही, हा पहिला नियम करा. गच्चीवर, अंगणात, नाहीतर पूर्ण उघड्या गॅलरीत, आणि तेही जवळपास कुठे ज्योत, उदबत्ती, सिगारेट नसताना. गच्चीला कुलूप असेल तर सोसायटीकडून तासाभरासाठी किल्ली मागून घ्या. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे फवारा आपल्यापासून दूर जाईल. आणि त्याआधी खाली डोकावून बघा, शेजारणीच्या साड्या वाळत असतील! सोनेरी ठिपक्यांवरून झालेलं भांडण गणपतीपर्यंत मिटत नाही.

थर्माकोलवर हे डबे मारू नयेत, हेही जाता जाता सांगते. थिनर थर्माकोलला विरघळवतं. बुरुज डोळ्यांदेखत खड्डे पडून बसतो. तसंही सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ सालीच बंदी आली आहे. पुठ्ठा आणि माती बरी.

आधी वारा, मग मास्क

आपल्याकडे उलटं होतं. आधी मास्क आणतात, तो लावला की झालं असं समजतात आणि खिडकी मात्र बंदच राहते. अहो, मास्क एकाच्या तोंडाला असतो. बाकीच्या घराचं काय? आणि रंगवणाऱ्यानंही मास्क काढला की तो त्याच हवेत उभा असतो. म्हणून पहिला पैसा आणि पहिली मेहनत हवा बाहेर घालवण्यावर खर्च करा.

नुसती एक खिडकी उघडून भागत नाही. हवा आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी. रंगवणारा या दोन वाटांच्या मध्ये, येणाऱ्या हवेकडे पाठ करून बसला पाहिजे. छताचा पंखा बंद ठेवायचा. तो रंग बाहेर घालवत नाही, घरभर फिरवतो. एसीचंही तेच. भिंतीवरचा एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो, बाहेरची ताजी हवा तो आत आणत नाही. हवा शुद्ध करायचं जे यंत्र हल्ली घरोघर दिसतं, त्याची गाळणी धूळ धरते. थिनरची वाफ धरण्याइतका कोळसा घरगुती यंत्रात सहसा नसतो. स्वयंपाकाच्या चिमणीखाली बसून रंगवायची युक्ती काही मुलं काढतात. ती मात्र ठामपणे मोडून काढा. खाली शेगडी, वर रंगानं चिकट झालेली जाळी, हे लक्षण बरं नव्हे.

एअरब्रशचं काम घरात करायचं असेल तर फवाऱ्यासाठी एक खोका करता येतो. तयार मिळतो तसा घरीही होतो. तीन बाजू आणि वरून बंद, समोरून उघडा असा मजबूत खोका घ्यायचा, मागच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा बसवायचा. पंख्याच्या आधी रंगाचे कण अडवायला जाडसर फिल्टरचा कपडा लावायचा आणि पंख्याच्या मागून रुंद नळी खिडकीबाहेर काढायची. वस्तू खोक्याच्या आत ठेवून रंगवायची.

पंखा केवढा हवा? हिशेब सोपा आहे. खोक्याच्या तोंडाशी हवा मिनिटाला साधारण १०० फूट वेगानं आत ओढली गेली पाहिजे. तोंड दीड फूट रुंद आणि एक फूट उंच असेल तर दीड चौरस फूट झालं, म्हणजे मिनिटाला १५० घनफूट हवा. पंख्याच्या वेष्टनावर हा आकडा बहुधा तासाला किती घनमीटर असा लिहिलेला असतो. त्या हिशेबानं २५५ होतात. फिल्टर आणि नळी वाट अडवतात, म्हणून दीडपट धरून ४००च्या आसपासचा पंखा घ्या. नळी जितकी आखूड आणि सरळ तितकी चांगली. आणि तिचं तोंड इमारतीच्या बंद डक्टमध्ये सोडू नका. तुमच्या घरातलं जाईल ते वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात निघेल.

पंखा खरंच ओढतो का, हे उदबत्तीनं पाहता येतं. रंग आणि थिनर अजून कपाटात असतानाच एक उदबत्ती लावून खोक्याच्या तोंडाशी धरा. धूर सगळाच्या सगळा आत गेला पाहिजे. तुमच्या तोंडावर आला तर पंखा लहान आहे किंवा फिल्टर भरला आहे. मग उदबत्ती पूर्ण विझवून, दुसऱ्या खोलीत ठेवून कामाला लागायचं. एवढं करूनही या खोक्यात पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंगच वापरावेत असं माझं मत. थिनरचा डबा ज्वालाग्राही गॅस सोडतो आणि पंख्याची मोटर त्याच वाटेवर असते. ठिणगी एकच पुरते.

काम संपलं तरी पंखा अर्धा तास चालू राहू द्या. आणि ओलं मॉडेल मुलाच्या उशाशी वाळत ठेवू नका. एनॅमलचा रंग हाताला सुका लागला तरी पुढे काही दिवस वाफ सोडत राहतो. त्याला गॅलरीत, झाकलेल्या खोक्यात जागा द्या. मुलं ऐकत नाहीत, कारण रात्री झोपताना नव्या विमानाकडे बघत झोपायचं असतं. ते मलाही कळतं, पण ऐकायचं नाही.

नाकाला नेमकं काय लावायचं?

२०२० साली करोना आला आणि एन-९५ हा शब्द घराघरात पोचला. त्या मास्कचे काही नग अजून कपाटात असतील. ते रंगाला चालतील का? अर्धेच चालतील. एन-९५ बारीक कणांपैकी निदान ९५ टक्के अडवतो, म्हणजे रंगाचे तुषार आणि घासकामाची धूळ अडवण्यापुरता तो चांगला. पण थिनरची वाफ त्यातून सरळ आत जाते. पाण्याच्या ॲक्रिलिकला, खोका आणि पंखा असताना, एन-९५ पुरतो. त्या रंगांना वास नसतो म्हणून काहीच लावायचं नाही असं मात्र नको. वास नसला तरी तुषार असतातच. पदर, रुमाल, कापडी मास्क आणि डॉक्टर लावतात तो निळा मास्क, यांचा इथे काही उपयोग नाही.

थिनरच्या रंगांना रबरी अर्धा मास्क लागतो. नाक, तोंड, हनुवटी झाकणारा, दोन्ही गालांशी डब्या असलेला. या डब्यांत सक्रिय कोळसा असतो, तो वाफ शोषून घेतो. घेताना सेंद्रिय वाफेसाठीची डबी मागा. युरोपच्या पद्धतीत तिच्यावर तपकिरी पट्टी असते, अमेरिकन पद्धतीत काळी. तिच्यावर कण अडवणारी गाळणी हवी, नाहीतर तुषारांनी कोळसा लवकर भरतो. मास्क चढवल्यावर दोन्ही डब्या तळव्यांनी झाका आणि श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून बसला तर ठीक. कडेनं हवा आली तर पट्टे आवळा. दाढी असेल तर तो कधीच नीट बसत नाही. घरच्या पुरुषमंडळींना हे ऐकून राग येईल, पण दाढी किंवा फवारा, दोनपैकी एक निवडावं लागेल.

मास्कच्या आत वास येऊ लागला की डबी संपली. आणि एक गंमत अशी की ती न वापरताही संपते! कोळसा खुंटीला टांगल्या टांगल्या हवेतल्या वाफा आणि ओल शोषत राहतो. म्हणून काम झालं की पापडासारखं तिला घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वर तारीख लिहा. पावसाळ्यात हे विसरू नका.

एक रंग मात्र असा आहे की त्यापुढे हा मास्कही भरवशाचा नाही. मोटारींना देतात तो दोन डब्यांचा, आयत्या वेळी हार्डनर मिसळायचा रंग. काही मुलं आरशासारख्या चकाकीसाठी तो मॉडेलांना आणतात. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. भोपाळला १९८४ साली जो वायू सुटला त्याच कुळातलं हे नाव. द्रव्य तेच नव्हे, पण कूळ तेच. यानं दमा जडू शकतो, आणि एकदा अंगानं त्याचा धसका घेतला की पुढे थोड्याशानंही त्रास होतो. वासावरून तो कळतही नाही. घरात याला मुळीच जागा नाही. गॅरेजवाल्याच्या फवाऱ्याच्या खोलीत त्याचं काम.

हात, डोळे, कपडे

हातात नायट्राइलचे मोजे घाला. दवाखान्यातले साधे पांढरे रबरी मोजे थिनरपुढे टिकत नाहीत. डोळ्यांना बाजूनं बंद असलेला चष्मा. अंगात पूर्ण बाह्यांचा जुना सुती सदरा, केस रुमालात बांधलेले, पदर किंवा ओढणी खोचलेली. हाताला रंग लागला तर थिनरनं धुऊ नका, ते कातडीतून आत मुरतं आणि कातडी फुटते. खोबरेल तेल चोळा, जुन्या कपड्यानं पुसा, मग साबण. ऑइल पेंट यानं छान निघतो.

पेणच्या गणपतींचं सगळीकडे कौतुक होतं. रायगड जिल्ह्यातल्या पेणला आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत मूर्तींचे कारखाने आहेत. अंगाचा रंग आणि पितांबराच्या छटा तिथे कंप्रेसरच्या फवाऱ्यानं देतात, डोळ्यांची आखणी मात्र बारीक ब्रशानं हातानं होते. या कामात बायकाही आहेत, आणि त्यांच्यासाठी फवारा ही रविवारची हौस नसून महिनोन्‌महिन्यांची रोजची हवा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८९ साली रंगाऱ्याच्या व्यवसायाला, कर्करोगाचं कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. महिन्यातून एकदा विमान रंगवणाऱ्या मुलाला हे जसंच्या तसं लागू नाही, त्यानं घाबरायचं कारण नाही. पण तुम्ही घरबसल्या मूर्ती रंगवायच्या ऑर्डरी घेत असाल तर तुमची गणना हौशीत करू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० सालच्या सूचनांत मूर्तींना विषारी रासायनिक रंग आणि ऑइल पेंट नकोत असं सांगितलं ते नदी-तलावांसाठी. त्यात रंगवणारीचीही काळजी आपसूक होते. हळद, गेरू आणि पाण्याचे रंग ब्रशानं द्या, फवारा लागणारच नाही. सोन्याची झळाळी आणायची भुकटी तर फुंकून कधीच उडवू नका. ती पितळेची असते आणि छातीत गेली तर फार त्रास देते.

जुन्या वस्तू घासून नव्यानं रंगवताना आणखी जपा. घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. जुना लाकडी घोडा किंवा पाळणा कोरडा घासू नका, पाणी लावून घासा, आणि लहान मुलांना त्या वेळी दुसरीकडे पाठवा. घरात कोणी गर्भार असेल तर तिनं हे घासकाम करू नये आणि थिनरच्या फवाऱ्याजवळही थांबू नये. पिंजऱ्यातले पोपट, लव्हबर्ड यांना वाफ माणसाच्या आधी बाधते. त्यांचा पिंजराही आधी हलवा.

कधी काही झालंच तर घाबरून न जाता असं करा. गरगरलं तर ताबडतोब मोकळ्या हवेत आणा. डोळ्यात गेलं तर निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि मग डॉक्टरांकडे न्या. लहान मूल थिनर प्यायलं तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी तर मुळीच पाजू नका. उलटी होताना ते फुप्फुसात उतरतं आणि पोटात गेलेल्यापेक्षा जास्त घात करतं. रॉकेल प्यायलेल्या मुलाला सांभाळायची रीत हीच. डबा बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा, त्यावरचं लिहिलेलं डॉक्टरांना वाचू द्या. आणि उरलेलं थिनर सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधी ओतून ठेवू नका.

रिकामा झालेला डबाही रिकामा नसतो, त्यात थोडा गॅस उरतोच. तो टोचायचा नाही, जाळात टाकायचा नाही, आणि भरलेला असो की रिकामा, ५० अंशांच्या वर तापू द्यायचा नाही. म्हणजे चैत्र-वैशाखात बंद मोटारीत किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवायचा नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले गेले. तेव्हा भाजीच्या देठांत न टाकता निराळ्या पिशवीत बांधा, आणि घंटागाडीवर देताना आत काय आहे ते सांगूनच द्या.